खाडीच्या अलीकडचे विरुद्ध पलीकडचे: ऑल-स्टार सामन्यात कुणी मनापासून खेळतच नाही, काय करावं?

खाडीकाठ
नमस्कार मंडळी. दाभोळ खाडीच्या दोन्ही अंगांना मिळून आमची सहा संघांची छोटी बास्केटबॉल लीग आहे. खेळाडूंना थोडंफार मानधन मिळतं, म्हणून तिला व्यावसायिक म्हणायचं, एवढंच. मे महिन्यात चाकरमानी आले की सुरू आणि पावसाच्या आत आटपायची, कारण सिमेंटच्या कोर्टावर एकदा शेवाळ धरलं की दिवाळीपर्यंत तिकडे फिरकायची सोय नाही.

फायनलच्या दुसऱ्या दिवशी ऑल-स्टार सामना ठेवतो, म्हणजे सगळ्या संघांतले निवडक खेळाडू एकमेकांविरुद्ध. दापोलीकडचे विरुद्ध गुहागरकडचे. गेल्या खेपेला त्याचा पार बट्ट्याबोळ झाला. डिफेन्सला कुणी परतेचना. समोरचा रिंगखाली येऊन निवांत लेअप (जवळचा सोपा बास्केट) मारतोय आणि आमचे स्टार कमरेवर हात ठेवून बघतायत. टेबलवरचं पोरगं स्कोअरच्या पाट्या बदलून बदलून दमलं. तिसऱ्या क्वार्टरला अर्धं पब्लिक उठून कबड्डीला गेलं. शिवाय गुहागरवाल्यांना शेवटची फेरीबोट गाठायची असते, त्यामुळे चौथ्या क्वार्टरला त्यांचे डोळे रिंगपेक्षा धक्क्याकडेच.

यंदा आणखी एक भानगड. आमच्या सगळ्यात चांगल्या गार्डची, म्हणजे बॉल पुढे नेणाऱ्या खेळाडूची, रेल्वेच्या स्पोर्ट्स कोट्याची ट्रायल नेमकी त्याच दिवशी आली आहे. समितीतले काही जण म्हणतात, त्याला थांबवा, पोस्टरवर त्याचाच फोटो आहे. जाणकारांनी सुचवावं.

बोरिवली_फास्ट
डंक स्पर्धा ठेवा, म्हणजे उडी मारून बॉल वरून रिंगेत कोंबायची. पब्लिक हलणार नाही. मॅक मॅक्लंग बघा की. एनबीए या अमेरिकेतल्या मोठ्या लीगच्या हाताखालच्या छोट्या जी लीगमधला पोरगा, पण एनबीएची डंक स्पर्धा २०२३, २०२४ आणि २०२५ अशी ओळीने तीनदा मारली.

निवृत्त_पंच
बोरिवलीकर, दहा फुटांच्या रिंगवर डंक मारणारं पोर खाडीच्या कुठल्याही बाजूला दाखवा, एसटीचं तिकीट काढून बघायला येतो. बोर्डाचे बोल्ट खाऱ्या वाऱ्याने निम्मे खाल्लेले असतात, त्यावर लोंबकळू द्यायचं म्हणजे पोराच्या डोक्यावर बोर्ड घ्यायचा.

खाडीकाठ, आधी ट्रायलचं बोलतो. त्या मुलाला जाऊ दे. यात चर्चेला जागाच नाही.

एनबीएसारख्या मोठ्या लीगचा ऑल-स्टार ही खेळाडूंची सुट्टी असते. करार झालेले, पैसे बँकेत. २०२४ ला इंडियानापोलिसला पूर्व विभागाने पश्चिम विभागाला २११-१८६ हरवलं, त्यात कुणी कुणाला अडवलं असेल याचा हिशेब तूच कर. छोट्या लीगचं गणित उलटं आहे. डी-लीगने, म्हणजे आजच्या जी लीगने, २००७ मध्ये आपला पहिला ऑल-स्टार लास वेगासला भरवला, तोही एनबीएचा ऑल-स्टार मेळा तिथे चालू असताना. एनबीएची झाडून सगळी मंडळी आयती तिथे जमलेली. छोट्या लीगच्या खेळाडूला आणखी काय हवं? त्याच्या लेखी हजार प्रेक्षकांपेक्षा करार हातात असलेला एक माणूस मोठा.

आणि गंमत बघ, त्यातले खरे चांगले खेळाडू पुष्कळदा अशा सामन्याला हाताशी राहतच नाहीत. ५ जानेवारीपासून एनबीएच्या संघांना दहा दिवसांचे करार देता येतात आणि ऑल-स्टार असतो फेब्रुवारीत. मधल्या महिन्यात बोलावणं आलं की पोरगा बॅग उचलून वर. सीबीए ही अमेरिकेतली जुनी छोटी लीग २००९ ला बंद पडली, तिचंही असंच होतं. एनबीएतल्या न्यूयॉर्क निक्सचा जॉन स्टार्क्स त्या लीगमध्ये घासून वर आलेला. खेळाडू वर गेला म्हणून छोट्या लीगने कपाळाला हात लावायचा नसतो, पोस्टरवर त्याचा फोटो आणखी मोठा करायचा असतो. सामन्याआधी माइकवरून त्याचं नाव पुकारा, कुठे गेलाय ते सांगा आणि त्याच्या जागी बाकावरचं एखादं होतकरू पोरगं घ्या.

आता संघ पाडण्याचं. खाडीवरून दोन भाग करणं बॅनरवर झकास दिसतं, पण आदल्या दिवसापर्यंत एकमेकांच्या नरडीला लागलेले तीन संघांचे खेळाडू एका रात्रीत एक संघ कसे होतील? एबीए या एनबीएच्या तेव्हाच्या प्रतिस्पर्धी लीगपुढे १९७६ मध्ये हाच प्रश्न आला होता. मोसमात एकेक संघ बुडत गेला आणि उरले सातच. सातांत कसली पूर्व नि कसली पश्चिम! मग त्यांनी डेन्व्हर नगेट्स हा यजमान संघ एका बाजूला ठेवला आणि उरलेल्या लीगमधले निवडक खेळाडू दुसऱ्या बाजूला. २७ जानेवारीला डेन्व्हरमध्येच सामना झाला आणि नगेट्सने तो १४४-१३८ असा मारला. त्याच रात्री डंक स्पर्धाही झाली आणि जुलियस अर्व्हिंग हा खेळाडू फ्री थ्रोच्या, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फेकीच्या, रेषेवरून डंकसाठी उडाला. लोकांच्या लक्षात तेवढंच राहिलं. मला विचारशील तर त्या रात्रीची खरी अक्कल संघ पाडण्यात होती. एका बाजूला मोसमभर एकत्र खेळलेले, न बघता पास देणारे. दुसऱ्या बाजूला सरस खेळाडू, पण प्रत्येकाला आपला बॉल हवा. आणि घरच्या संघाला घरच्या लोकांसमोर हरायचं नसतं.

तेव्हा चॅम्पियन संघ विरुद्ध बाकीचे पाच. करून बघ.

खाडीकाठ
पंचकाका, पटलं. पण यंदा चॅम्पियन दापोलीकडचाच होणार असं दिसतंय. मग गुहागरवाले म्हणतील, आम्ही नुसते भरतीला का?

सडा_आणि_कातळ
आमच्याकडे टेनिस बॉल क्रिकेटात ह्याच चालता. जिंकलेलो संघ एका बाजूक, बाकीचे सगळे दुसऱ्या बाजूक. मॅच बरी होता. झगडो होता तो संघ निवडताना, आणि तो कोणाच्यान चुकाक नाय.

निवृत्त_पंच
सड्यावरचे गृहस्थ अनुभवाने बोलतायत. प्रत्येक संघातून निदान दोघे घ्यायचेच, असा नियम आधीच लिहून ठेव. प्रशिक्षक गुहागरकडचा ठेव, म्हणजे तिकडची तोंडं आपोआप बंद.

डिफेन्सवर एक जुना उपाय सांगतो. सीबीएत सामना जिंकणाऱ्याला ३ गुण मिळायचे आणि प्रत्येक क्वार्टर जिंकणाऱ्याला वेगळा १. एका सामन्यात असे ७ गुण वाटले जायचे. पंचवीसने मागे पडलेला संघही शेवटच्या क्वार्टरला जीव काढून खेळे, कारण तो १ गुण उरलेला असे. तू मानधनाचा थोडा भाग बाजूला काढ आणि प्रत्येक क्वार्टरचं बक्षीस तिथल्या तिथे, लोकांसमोर हातात ठेव. पाकीट दिसलं की पोरं डिफेन्सला कशी धावतात ते बघ.

शेवटच्या क्वार्टरला घड्याळ बंद कर. २०२० ला एनबीएच्या शिकागोच्या ऑल-स्टारमध्ये असंच केलं होतं. तीन क्वार्टरनंतर पुढे असलेल्या संघाच्या गुणांत २४ मिळवले आणि तो आकडा आधी गाठेल तो विजयी. सामना १५७-१५५ वर संपला, तोही फ्री थ्रोवर, आणि शेवटच्या काही मिनिटांत सगळे जिवावर उदार होऊन अडवत होते. तुमच्याकडे २४ फार होतील. १० धर.

बोरिवली_फास्ट
पण काका, घड्याळ बंद केलं तर फेरीबोटीचं काय? १० गुणांना अर्धा तास लावला तर?

निवृत्त_पंच
रास्त शंका. म्हणून तीन क्वार्टर दहाऐवजी आठ मिनिटांचे खेळवा आणि सामना साडेचारला लावा. त्याआधी नको, सिमेंट तापलेलं असतं, बुटांचे तळवे सुटतात. पहिल्या क्वार्टरला सूर्य पश्चिमेच्या रिंगमागे असेल, म्हणून टॉस जिंकणाऱ्याला बाजू निवडू द्या. आणि तरीही शेवट लांबलाच, तर फ्री थ्रोवर निकाल लावायचा, दोन्हीकडून पाच-पाच जण. हे आधी जाहीर करा, ऐनवेळी नव्हे. ऐनवेळच्या नियमावर पंच मार खातो, सांगून ठेवतो.

खाडीकाठ
समितीची बैठक रविवारी आहे. चॅम्पियन विरुद्ध बाकीचे आणि क्वार्टरची पाकिटं, एवढं नक्की मांडतो. बिनघड्याळाचा क्वार्टर खजिनदारांच्या गळी उतरवायला वेळ लागेल, कारण दिव्यांचं भाडं तासावर आहे. बोल्ट मात्र उद्याच बदलून घेतो.