सेकंडहँड गाडी घेताना हात कुठे कुठे लावायचा?

"गाडी गरम करून ठेवलीय, या बघायला." विकणाऱ्याचं हे वाक्य आज कानावर पडलं आणि जुनी उजळणी डोक्यात सुरू झाली. असं कुणी म्हणालं की पहिला हात बॉनेटवर. गरम लागलं तर गोड बोलून निघा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी न कळवता जा. टायमिंग चेन सैल असली तर थंड इंजिन सुरू होताना दोन-तीन सेकंद खडखडतं. तेलाचा दाब आला की टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) ताणला जातो, आवाज गायब. तेल अडवणारे व्हॉल्व्ह सील गेले असतील तर रात्रभर तेल आत झिरपतं आणि सकाळचा पहिला भपका निळा येतो. गरम इंजिनात यातलं काही सापडत नाही.
तुम्ही काय तपासता ते लिहा. किस्से नकोत, कृती हवी.

पाना-पक्कड
धुराचं घाईत लिहितो. निळा म्हणजे तेल जळतंय. काळा म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी, आधी एअर फिल्टर बघा. पांढऱ्याला लगेच घाबरू नका, थंड सायलेन्सरमधल्या पाण्याची वाफ असते. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा येतोय आणि वास गोडसर आहे, तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) जळतंय. बहुधा हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखालचं सील गेलंय.

चौथा गिअर
ऑइलचं झाकण उघडून आतून बघा. दुधाळ थर दिसला की पळा.

धुळवड
@चौथा गिअर, इतक्यात पळू नका हो :) थर फक्त झाकणाला आहे आणि डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) स्वच्छ आहे, तर बहुतेक रोज दोन-दोन किलोमीटरच चालणारी गाडी असते. इंजिन पुरतं तापत नाही, आतला ओलावा उडत नाही. डिपस्टिकवरही तोच रंग किंवा कूलंटवर तेलाचा तवंग असेल, तेव्हा पळा.

पत्र्याचा माणूस
इंजिनवाले सगळे बॉनेटमध्येच अडकलेत. बॉनेट उघडलंच आहे तर फेंडरचे आणि बिजागरीचे बोल्ट बघा की. बऱ्याच गाड्यांत बोल्टवरही बॉडीचाच रंग असतो. बोल्टच्या कोपऱ्यांवरचा रंग उडालाय म्हणजे पाना लागलाय. नुसता फेंडर बदललेला चालेल, ती किरकोळ बाब. पण पुढची चौकट, चासीचे दांडे किंवा दारांमधले खांब वेल्डिंग केलेले असतील तर गाडी सोडा. कारखान्याचे स्पॉट वेल्ड गोल आणि सारख्या अंतरावर असतात, हाताने केलेलं ओबडधोबड दिसतं.
जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर उत्तम. कारखान्याचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन. ३०० च्या वर म्हणजे परत मारलेला, हजारच्या पुढे खाली पुट्टी. प्लास्टिकच्या बंपरवर यंत्र लावू नका, आकडा येणार नाही.

मागची सीट
काचांच्या कोपऱ्यातल्या खुणाही बघा. सगळ्या एका सालच्या आणि एकच वेगळी असेल तर का बदलली ते विचारा.

ओली चटई
गाडीत शिरताच सुवासाचा मारा झाला की सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, अगदी शेवटपर्यंत. पुरातून निघालेली गाडी धुतात, पट्ट्याचं शेवटचं टोक विसरतात. तिथे चिखलाची आडवी रेघ सापडते. मग सीटचे रूळ (गंज), स्टेपनीचा खड्डा (गाळ), डॅशखालचे कनेक्टर (हिरवट बुरशीसारखं). चटया नव्या कोऱ्या असतील तर उचलाच.

पाना-पक्कड
चटया नव्या, पेडलचं रबर नवं, स्टिअरिंग मात्र झिजून गुळगुळीत. आणि मीटरवर ३०,००० किमी 😄

दिवाबत्ती
स्कॅनर (गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावताना फक्त "कोड नाहीत" बघून खूश होऊ नका. कोड आदल्या रात्री पुसता येतात. रेडिनेस मॉनिटर बघा, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पुऱ्या झाल्यात का ते. बरेचसे "अपूर्ण" असतील तर नुकतंच काहीतरी पुसलंय किंवा बॅटरी काढली होती. थोडे दिवस चालवून परत दाखवा म्हणायचं.
एअरबॅगचा दिवा: चावी ऑन, इंजिन बंद. दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. लागलाच नाही तर कुणीतरी काढलाय. ऑइलचा दिवा मात्र लागूनच राहतो. दोन्ही एकदमच विझत असतील, तेही इंजिन सुरू झाल्यावर, तर वायर एकमेकांना जोडलेत.

चौथा गिअर
हे वायरचं माहीत नव्हतं. लोकांची डोकी पण ना.

रिव्हर्स
चालवताना रेडिओ बंद, काचा खाली.
क्लच: वरच्या गिअरमध्ये ५० च्या वेगाला अ‍ॅक्सिलरेटर दाबा. आरपीएम चढला आणि वेग जागेवरच, तर क्लच संपला.
मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल फिरवा. टक-टक आलं तर सीव्ही जॉइंट (चाकाला ताकद पोचवणारा सांधा).
सरळ रस्त्यावर घूं-घूं आवाज, डावीकडे वळताना वाढतो, तर बहुधा उजव्या चाकाचं बेअरिंग.
पोळ्या करता करता लिहितेय, टायरचं नंतर.

धुळवड
टायरचं मी लिहितो, तुम्ही तवा सांभाळा. बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. आतली कडच झिजली असेल तर अलाइनमेंट किंवा सस्पेन्शन. नक्षी १.६ मिमीवर आली की टायर संपलं.

नवशिका
चासी नंबरात ओ आणि शून्य कसं ओळखायचं? स्टिकरवर कळत नाहीये.

पत्र्याचा माणूस
१७ अक्षरांच्या नंबरात आय, ओ, क्यू नसतातच. ते शून्यच.

नवशिका
पण यात आय पण आहे.

पत्र्याचा माणूस
मग तो एक असेल. भिंग घ्या आणि पत्र्यावर ठोकलेला नंबर बघा, कागदाशी अक्षरनअक्षर जुळवा. तिथेही स्पष्ट आयच निघाला तर किल्ली परत देऊन या.