लॅरी होम्सला त्याचं श्रेय मिळालं नाही, की मिळालं तेवढंच त्याचं होतं?

जॅबप्रेमी
हेवीवेट बॉक्सिंगचा विषय निघाला की गप्पा अलीवरून थेट टायसनवर जातात. मधली सात वर्षं कोणाची, असं विचारलं की लोक एकमेकांकडे बघतात. ती लॅरी होम्सची होती. ९ जून १९७८ ला लास वेगासमध्ये केन नॉर्टनला हरवून तो चॅम्पियन झाला आणि २१ सप्टेंबर १९८५ पर्यंत त्याला कोणी हरवू शकलं नाही. अजिंक्यपद २० वेळा राखलं. त्याच्या आधी हेवीवेटमध्ये याहून जास्त वेळा फक्त ज्यो लुईसने राखलं होतं, २५ वेळा.

पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावात वाढलेला पोरगा. शाळा अर्धवट सोडून गाड्या धुवायचा. मग अली आणि फ्रेझरचा सरावातला जोडीदार म्हणून पैसे घेऊन मार खायचा. अलीने सरावात एकदा त्याचा डोळा काळानिळा केला, तर पठ्ठ्याने बर्फ लावून घेतला नाही. गावात दाखवायचा होता ना!

त्याचा डावा जॅब (पुढच्या हाताने मारलेला सरळ, झटपट ठोसा) ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी नॉर्टनची लढत शोधून बघा. ८१ इंचांची पोच, म्हणजे पसरलेल्या हातांची लांबी. डावा हात बराच खाली सैल सोडलेला, तिथूनच ठोसा वर यायचा, म्हणून समोरच्याला तो निघताना दिसायचाच नाही. एकामागे एक दोन-तीन जॅब आणि मग उजवा. बाकीचे जॅबने अंतर मोजतात, हा जॅबनेच माणूस मोडायचा. नॉर्टनच्या लढतीआधी काही दिवस हाच हात सरावात दुखावला होता, तरी १५ राऊंड त्यावरच खेळला. १४ राऊंड संपल्या तेव्हा तिन्ही परीक्षकांकडे बरोबरी. पंधराव्या राऊंडमध्ये दोघांनीही बचाव सोडून दिला, आणि शेवटच्या काही सेकंदांत होम्सने नॉर्टनला हलवून टाकलं. १४३-१४२, दोन परीक्षक होम्सकडे, एक नॉर्टनकडे.

माझं म्हणणं असं: हा माणूस आजवरच्या पहिल्या पाचांत बसतो. त्याला तिथे बसवत नाहीत ते बॉक्सिंगमुळे नाही, २ ऑक्टोबर १९८० ला अलीला हरवलं त्या एका रात्रीमुळे. लाडक्या माणसाला मारलं की लोक विसरत नाहीत.

शंकासुर
धागा छान, निष्कर्ष गंडलाय. २० हा आकडा सगळेच फेकतात, त्यातली नावं कोणी वाचत नाही. ओकासिओ, झानोन, लेरॉय जोन्स, लेडू, टेक्स कॉब, रॉड्रिगेझ, स्कॉट फ्रँक. यातला एक तरी कधी चॅम्पियन होईल असं तेव्हा कोणाला वाटलं होतं का?

आता कोणाशी लढला नाही ते बघा. ग्रेग पेज नाही. पिंकलॉन थॉमस नाही. मे १९८३ मध्ये टिम विदरस्पूनने, म्हणजे जेमतेम १५ लढती खेळलेल्या पोराने, त्याला जेरीस आणलं. निकाल एकमताने नव्हताच. मग परतीची लढत दिली? नाही. त्याऐवजी नोव्हेंबरमध्ये ज्यो फ्रेझरच्या मुलाशी, मार्व्हिसशी लढला. पोराच्या खात्यात १० लढती. ज्या संघटनेचा तो चॅम्पियन होता त्या डब्ल्यूबीसीने या लढतीला मान्यतासुद्धा दिली नव्हती. पहिल्याच राऊंडमध्ये खेळ खलास.

आणि डब्ल्यूबीसीने पेजशी लढ म्हटल्यावर यांनी डिसेंबर १९८३ मध्ये पट्टाच परत केला आणि नव्याने निघालेल्या आयबीएफ या दुसऱ्या संघटनेचा घेतला. "२१ सप्टेंबर १९८५ पर्यंत" म्हणताना पट्टा बदलला हे सोयीने गाळलंत.

जॅबप्रेमी
गाळलं नाही. पट्टा कुठलाही असो, १९८५ पर्यंत 'चॅम्पियन कोण' म्हटलं की बोट होम्सकडेच जायचं. तुम्ही ज्यांची नावं घेताय ते सगळे एकमेकांकडून हरत होते. पेज विदरस्पूनकडून हरला, विदरस्पून थॉमसकडून, थॉमस बर्बिककडून. आणि त्या बर्बिकला होम्सने १९८१ मध्येच १५ राऊंडमध्ये हरवलं होतं. माईक वीव्हर डब्ल्यूबीए या आणखी एका संघटनेचा चॅम्पियन झाला १९८० मध्ये, होम्सने त्याला १९७९ मध्येच बाराव्या राऊंडमध्ये थांबवलं होतं. १९८४ मध्ये गेरी कोएत्झीशी लढत ठरली होती, पैशांवरून फिसकटली. सगळं खापर बॉक्सरवर फोडायचं आणि लढती भरवणाऱ्या डॉन किंगचं नावही घ्यायचं नाही, हा कुठला न्याय?

शिवाय तुमच्या यादीत अर्नी शेव्हर्स का नाही? सप्टेंबर १९७९. सातव्या राऊंडमध्ये शेव्हर्सचा उजवा असा बसला की दुसरा कोणी असता तर दुसऱ्या दिवशी उठला असता. होम्स पडला, उठला, आणि अकराव्या राऊंडमध्ये त्यालाच थांबवलं. त्या काळात शेव्हर्सएवढ्या ताकदीने मारणारा दुसरा नव्हता.

लाल माती
तांत्रिक बाबी तुम्ही बघा. माझा मुद्दा अलीचा. आमच्याकडे तालमीत वस्ताद म्हातारा झाला की पठ्ठ्या त्याच्याशी जोर करतो, पण त्याला चीत करून गावभर मिरवत नाही. अली ३८ वर्षांचा, दोन वर्षं रिंगबाहेर. त्याच वर्षाच्या सुरुवातीला तो मद्रासला जिमी एलिसबरोबर प्रदर्शनीय लढत खेळून गेला, लोक नुसता त्याला बघायला तोबा गर्दी करून आले होते. अशा माणसाशी अजिंक्यपदाची लढत खेळायचीच कशाला? होम्स नाही म्हणू शकला असता.

मेघना_पुणे
@लाल माती, नाही म्हणू शकला असता हे बोलायला सोपं आहे. चॅम्पियनने नकार दिला असता तर 'अलीला घाबरला' हे आयुष्यभर ऐकलं असतं. आणि अली दुसऱ्या कोणाशी लढायला गेलाच असता. गेलाच की, पुढच्या वर्षी बर्बिककडून हरला आणि मगच थांबला.

मला या लढतीत राग येतो तो परवानगी देणाऱ्यांचा. लढतीआधी अलीची मेयो क्लिनिकमध्ये तपासणी झाली होती. एका पायावर उड्या मारायला त्याला नीट जमत नव्हतं, बोट नाकाला लावतानाही नेम जरा चुकत होता. हे अहवालात आहे. तरी नेवाडाच्या आयोगाने परवाना दिला. त्यावर वजन उतरवणं आणि थायरॉइडची गोळी. लोकांना वाटलं, वा, अली पुन्हा तरुण दिसतोय. केस काळे केलेले, पोट आत. आत माणूस पार रिकामा झाला होता, उष्णता बाहेर टाकायची ताकदही शरीरात उरली नव्हती.

चित्रण बघितलंय मी. पुन्हा बघणार नाही. मधल्या राऊंडपासून होम्स मारता मारता रेफरीकडे बघतो, थांबवा म्हणून. कोणी थांबवत नाही. दहावी संपल्यावर अलीचा प्रशिक्षक अँजेलो डंडीने कोपऱ्यातून लढत थांबवली, तिथेही एक सहकारी 'अजून एक राऊंड' म्हणून त्याच्या अंगावर येत होता. तिन्ही परीक्षकांकडे अलीच्या नावावर एकही राऊंड नाही. नंतर होम्स रडला. मिरवला कुठे?

शंकासुर
रडला हे खरं. पण मानधनही घेतलं. आणि ही लढत त्याच्या २० मध्ये मोजली जाते की नाही? मग मोजू नका. १९ म्हणा.

लाल माती
मेघनाताई, डॉक्टर आणि आयोगाबद्दल तुमचं खरं आहे. तरीही माझं मत बदलत नाही. रेफरीकडे बघणारा माणूस हात खालीही करू शकतो. एखादी राऊंड नुसता फिरत राहिला असता तर काय बिघडलं असतं?

मेघना_पुणे
फिरला असता तर लोकांनी 'अलीने होम्सला नाचवलं' म्हणून छापलं असतं. तुम्ही होम्सकडून संताची अपेक्षा करताय, तो त्या रात्री नोकरी करत होता.

कोपऱ्यातला
कूनीच्या लढतीबद्दल कोणीच बोललं नाही अजून. ११ जून १९८२. माझ्या मते होम्सचं सगळं मोठेपण आणि त्याची सगळी चीड या एका रात्रीत आहे. गेरी कूनी गोरा, अपराजित, डाव्या हुकमध्ये (बाजूने वळवून मारलेला ठोसा) प्रचंड जोर. डॉन किंगने 'गोऱ्यांची आशा' म्हणून ही लढत विकली. दोघांना मानधन सारखंच, सुमारे एक कोटी डॉलर. चॅम्पियन असूनही! रिवाज असा की आव्हानवीराची ओळख आधी, चॅम्पियनची शेवटी. त्या रात्री होम्सची आधी करून दिली, कूनीची शेवटी. आजूबाजूच्या छतांवर पोलिसांचे नेमबाज बसवले होते म्हणतात, इतकं वातावरण तापलेलं.

आणि होम्सने काय केलं? कूनीला दुसऱ्याच राऊंडमध्ये खाली पाडलं, मग घाई न करता जॅबने तेराव्या राऊंडपर्यंत सोलून काढलं. शेवटी कूनीचा प्रशिक्षकच रिंगमध्ये आला. पुढे हे दोघं दोस्त झाले हो, आणि ते नुसतं कॅमेऱ्यापुरतं नाही.

शंकासुर
कमरेखाली मारल्याबद्दल कूनीचे तीन गुण कापले, ते धरले नाहीत तर दोन परीक्षकांकडे बारा राऊंडनंतर कूनीच पुढे होता. 'सोलून काढलं' वगैरे जरा जपून.

कोपऱ्यातला
कमरेखाली मारलं म्हणूनच कापले ना? ते काय दंड म्हणून दिवाळी फराळ मागायचे?

पावशेर
😂 +१

हिशेबनीस
मी तटस्थ. पण स्पिंक्सबद्दल लिहितो, कारण होम्सच्या बाजूचे लोक तिथे फार चलाखी करतात. तेव्हा होम्स ४८-०. आणखी एक जिंकला की रॉकी मार्सियानोच्या ४९-० शी बरोबरी. लढतीची तारीख २१ सप्टेंबर, मार्सियानोची शेवटची लढत बरोबर ३० वर्षांपूर्वी त्याच तारखेला. समोर मायकेल स्पिंक्स, लाईट हेवीवेट या खालच्या वजनगटाचा चॅम्पियन, वजन वाढवून आलेला. गादीवर असलेला एकही लाईट हेवीवेट चॅम्पियन तोवर हेवीवेटचं पद जिंकला नव्हता. स्पिंक्स जिंकला, एकमताने: १४३-१४२, १४३-१४२, १४५-१४२.

लगेच 'अन्याय' सुरू. अन्याय कसला? होम्सने त्या रात्री उजवा हात किती वेळा सोडला ते मोजा. ३५ वर्षांचे पाय, आणि समोरचा तिरका-तारका येऊन दोन मारून जात होता. गुणांत जवळची लढत हरणं म्हणजे लूट नव्हे. लूट म्हणायचंच असेल तर एप्रिल १९८६ ची परतीची लढत म्हणा. तिथे मीही होम्सला दिली असती. तीही गेली, दोन विरुद्ध एक.

जॅबप्रेमी
पहिली लढत स्पिंक्सची, यावर माझं काही भांडण नाही. परतीची मात्र उघड होम्सची होती. ती त्याच्या नावावर असती तर आज हा धागा काढावा लागला नसता.

हिशेबनीस
लागला असता. कारण पहिल्या हरण्यानंतर पत्रकारांसमोर होम्सने मार्सियानोबद्दल जे तोंड सोडलं, तो माझा लंगोटही उचलायच्या लायकीचा नव्हता अशा अर्थाचं, ते अमेरिकेतले इटालियन लोक विसरले नाहीत. मार्सियानोचा भाऊ तिथे हजर होता. नंतर माफी मागितली, पण छापून आलं ते पहिलं वाक्य.

मेघना_पुणे
अली याहून वाईट बोलायचा. फ्रेझरला गोरिला म्हणाला. त्याचं ते 'नाट्य', आणि होम्सचं बोललेलं 'कडवटपणा'.

शंकासुर
अली बोलायचा आणि फोरमनला हरवायचा, ताई. हा बोलला आणि स्पिंक्सकडून हरला.

बरं, टायसन? जानेवारी १९८८, चौथी राऊंड, तीनदा खाली. त्या रात्री अली स्वतः रिंगमध्ये येऊन गेला होता.

कोपऱ्यातला
होम्स तेव्हा ३८ चा, आणि पावणेदोन वर्षं लढलेला नाही. अली होम्ससमोर आला तेव्हा तोही ३८ चा. अलीची ती लढत धरू नका म्हणता, तर होम्सची टायसनशी झालेली कशी धरता? ७५ लढतींच्या कारकिर्दीत त्याला नॉकआउट करणारा टायसन हा एकटाच.

आणि त्यानंतरचं बघा. फेब्रुवारी १९९२, वय ४२. समोर रे मर्सर, ऑलिंपिक सुवर्णपदकवाला, अपराजित. होम्स कोपऱ्यात पाठ टेकून उभा राहिला आणि तिथूनच त्याला बारा राऊंड शिकवणी दिली. मध्येच कॅमेऱ्याकडे वळून 'आता बघा' म्हणायचा आणि मारायचा. ४५ व्या वर्षी ऑलिव्हर मॅकॉलला शेवटपर्यंत झुंजवलं. हे नशिबाचं काम नाही.

लाल माती
मर्सरची लढत आत्ताच बघितली. मान गये. बाकी मत तेच.

पावशेर
धागाकर्ते, पहिल्या पाचांत बसतो म्हणालात. बाकीचे चार सांगा, मग बोलू.

जॅबप्रेमी
ज्यो लुईस, अली, होम्स, फोरमन, लेनॉक्स लुईस. या क्रमाने.

हिशेबनीस
मार्सियानो कुठे गेला? ४९-० चा माणूस पहिल्या पाचांत नाही?

जॅबप्रेमी
नाही. ६८ इंचांच्या पोचेने होम्सच्या जॅबच्या आत शिरायचं कसं, ते आधी सांगा.

हिशेबनीस
साडेसहा फुटांचा विदरस्पून नव्हता, तरी नवव्या राऊंडमध्ये आत शिरलाच ना? यादी परत करा.