शेवट माहीत असून पण धडधड होते असा सस्पेन्स सिनेमा कुठला? अनुभव लिहा

नुसती नावांची यादी नको, का धडधड होते तेही लिहा. माझं मत आधीच सांगून टाकते, खुनी लपवणं त्यामानाने सोपं, आपल्याला सगळं दाखवून पण जागेवरून उठू न देणं हे कठीण काम.

देवगडला मे महिन्यात सगळे जमलेले तेव्हा रात्री ओटीवर लॅपटॉपवर 'रिअर विंडो' (1954) लावला. आजी आठळ्या सोलत बसलेली, तिला इंग्रजीचा गंध नाही. हिरोचा पाय प्लास्टरमधे, खिडकीतून समोरच्या बिल्डिंगकडे बघत बसतो. त्याची मैत्रीण पुरावा शोधायला समोरच्या संशयिताच्या घरात शिरते आणि तो माणूस परत येताना आपल्याला दिसतो, तिला पत्ताच नाही. आजी ओरडली, "अगो पळ गो बाय, तो इलो!" पुढे पोलीस येतात, ती हात पाठीमागे घेऊन बोटातली पुराव्याची अंगठी हिरोला दाखवते, ते त्या माणसाला दिसतं आणि तो हळूच मान वर करून थेट आपल्याकडे बघतो. आजी आठळी टाकून खांबाआड सरकली! एक शब्द न कळता बाईला सगळं कळलेलं, कोण कुठे आहे आणि कोणाला काय माहीत नाही.

रत्नागिरी
आजीला दंडवत 😄 'रिअर विंडो'चा दिग्दर्शक हिचकॉक हेच सांगायचा, टेबलाखालचा बॉम्ब अचानक फुटला तर 15 सेकंद दचकाल, आधी दाखवला तर 15 मिनिटं जीव टांगणीला. माझा अनुभव उलटा आहे. 'सायको' (1960) पहिल्यांदा बघितला तो भर जुलैत, पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की टीव्हीचा आवाज शून्य, तो फेमस बाथरूमचा सीन आला नि गेला, म्हटलं एवढंच? नंतर हेडफोन लावून बघितला आणि ती संगीतकार बर्नार्ड हरमनची व्हायोलिनं ऐकून खुर्चीतच उडालो. गंमत म्हणजे हिचकॉकला त्या सीनला म्युझिक नकोच होतं. पण मला त्याहून भारी वाटतो तो खून लपवायला गाडी दलदलीत बुडवतात तो सीन. बुडता बुडता गाडी मधेच थांबते आणि आपण चक्क मनात म्हणतो, बुड बाई एकदाची. कोणाच्या बाजूने झालो आपण!!

चिपळूण
सगळ्याच सिनेमांना हे लागू नाही हां. 'गुमनाम' (1965) बघायच्या आधीच आतेभावाने खुनी सांगून टाकला, मग नुसती गाणी बघितली. कोण मारतंय एवढ्यावरच उभा असेल तर एकदाच चालतो. 'व्हर्टिगो'त (1958) मात्र दिग्दर्शक स्वतःच गुपित शेवटाच्या बरंच आधी फोडतो, आता हिरोला कळल्यावर काय होणार म्हणून आपण अडकतो.

मालवण
गाण्यांवरून आठवलं, 'कानून' (1960) आणि 'इत्तेफाक' (1969) मधे एकही गाणं नाही, म्हणून ताण सुटत नाही असं लोक म्हणतात. पटतं पण अर्धंच. 'हा खेळ सावल्यांचा' (1976) बघा, तिथे 'रात्रीस खेळ चाले' हे गाणंच घाबरवतं. लहानपणी ते रेडिओवर लागलं की मी मागच्या दारी पाय धुवायला एकटी जायची नाही, विहिरीकडे तर बघायचंच नाही. आणि आमच्याकडे हळदीला हमखास वाजणारं 'गोमू संगतीनं' त्याच सिनेमातलं आहे, नाचणाऱ्या निम्म्या लोकांना माहीत नसेल.

सावंतवाडी
'दृश्यम' (हिंदी, 2015). शेजारच्या गोव्यातली गोष्ट म्हणून सगळं घर बसलेलं. हिरोच्या घरात काय झालं ते आपण डोळ्यांनी बघितलेलं असतं, तरी पोलीस धाकट्या मुलीला विचारायला लागले की आमच्या घरात कोणी पाणी प्यायला पण उठत नाही. सगळ्यात बेस्ट म्हणजे हिरो काही फायटिंगवाला नाही, केबलवाला आहे. हॉटेल, बसचा कंडक्टर, थेटर, सगळीकडे बायकापोरांना घेऊन परत जातो, गप्पा मारतो, खोटी तारीख लोकांच्या डोक्यात बसवतो. आपण पण त्या खोट्यात सामील. शेवट लिहीत नाही, माझ्या वहिनीने अजून बघितलेला नाही आणि ती इथे वाचते.