नणंदेकडे जातोय, दोन लहान मुलांना रोज न्यायचं कुठे?

भिंगरी:

पुढच्या महिन्यात आम्ही नणंदेकडे राहायला जातोय. मुलगी साडेचार वर्षांची, मुलगा 20 महिन्यांचा. तिकडे ताई, त्यांचे यजमान, सासू-सासरे आणि 9 वर्षांचा भाचा. माणसं प्रेमळ आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण घर अतिशय नीटनेटकं. काचेचं शोकेस थेट जमिनीपासून सुरू होतं आणि त्याच्या सगळ्यात खालच्या फळीवर चिनी मातीची बदकं आहेत. माझ्या मुलाच्या बरोब्बर हाताशी. सकाळी मुलांना घराबाहेर काढलं नाही, तर दिवसभर मी 'हात नको लावू' एवढंच बोलत बसणार.

ते शहर मला अजिबात माहीत नाही. 'मुलांसोबत पाहण्याची ठिकाणं' असं शोधलं की सगळीकडे तीच यादी येते: एक वॉटर पार्क (मुलगा उंचीच्या अटीतच बसत नाही), एक मोठं संग्रहालय, एक प्राणिसंग्रहालय आणि डोंगरावरचा एक व्ह्यू पॉइंट. व्ह्यू बघून 20 महिन्यांच्या मुलानं काय करायचं असतं?

शिवाय ताईंच्या सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, फोनवर परस्पर बेत ठरवून टाकलाय. जायला अडीच तास, यायला अडीच तास, मध्ये एक धरण. 'मुलांना मज्जा येईल!' मुलीला गाडी लागते. अण्णा इतक्या उत्साहात होते की मी नुसतं 'हो का, वा' म्हटलं.

तर जवळपासची, साधी ठिकाणं शोधायची कशी? भाच्याला कंटाळा न येता तिघांना एकत्र कुठे नेता येईल? आणि अण्णांना नाही कसं म्हणायचं?

खिडकीची_सीट:

याद्या सोड, नकाशा उघड. नणंदेचा पत्ता मध्यभागी ठेव आणि चालत 15 मिनिटांत येईल तेवढाच भाग बघ. मग सॅटेलाइट व्ह्यू लाव. झाडांची दाटी कुठे आहे, घसरगुंड्या उघड्यावर आहेत की सावलीत, बाग आणि घर यांच्यामध्ये मोठा रस्ता येतो का, हे घरबसल्या दिसतं. ओपनस्ट्रीटमॅपसुद्धा बघ. तो 2004 पासून स्वयंसेवक भरत आलेत. ज्या भागात कुणी हौशी माणूस राहतो तिथे खेळाची छोटी मैदानं, बाकडी, सार्वजनिक स्वच्छतागृहं, पिण्याचे नळ असं सगळं त्यावर असतं. जिथे असा माणूस नाही तिथे काहीच नसतं, म्हणून तो दुसरा नकाशा समज, पहिला नको.

ठिकाणाचे फोटो बघताना सगळ्यात नवे आधी लाव. पाच वर्षांपूर्वीचा झोपाळा आज जागेवर असेलच असं नाही. रिव्ह्यूमध्ये 'स्वच्छतागृह', 'बाबागाडी', 'गेट' हे शब्द शोध. कुणी रागावून लिहिलेला रिव्ह्यू आपल्या सगळ्यात कामाचा. 'सुंदर, जरूर भेट द्या' वाचून काही कळत नाही. 'दुपारी गेट बंद करतात, बाळाला घेऊन उन्हात उभे राहिलो' यातून सगळं कळतं.

आणि घसरगुंडीवर बसवण्याआधी तळहाताची मागची बाजू टेकवून बघ. लोखंडीच नाही, प्लॅस्टिकच्या घसरगुंड्या आणि खालची रबरी फरशीसुद्धा उन्हात भाजण्याइतकी तापते.

आजी_दुसरा_मजला:

भिंगरी, मी पलीकडच्या बाजूची. आमच्याकडे लेकी, भाचे, पुतण्या मुलाबाळांना घेऊन येतात आणि आम्ही अण्णांसारखे बेत करतो. म्हणून आतली गोष्ट सांगते.

'आमच्या गावात बघण्यासारखं काय आहे?' असं आम्हाला विचारलंस की आम्ही आमच्या अभिमानाची जागा सांगणार. धरण, संग्रहालय, नवा पूल. कोपऱ्यावरची बाग आमच्या तोंडात यायची नाही, कारण ती आम्हाला दिसतच नाही. आम्ही तिच्यावरून रोज भाजी आणायला जातो. म्हणून प्रश्न बदल. नणंदेला विचार, 'तुमच्या इमारतीत तीन-चार वर्षांचं मूल कोणाकडे आहे? ते संध्याकाळी खेळायला कुठे जातं?' त्या मुलाच्या आईचा नंबर मिळाला तर दहा मिनिटं बोल. कुठल्या बागेत भटकी कुत्री आहेत, कुठली संध्याकाळी मोठ्या मुलांच्या ताब्यात जाते, कुठल्या वाचनालयात मुलांना जमिनीवर लोळत वाचू देतात, हे तिला पाठ असतं. तुझ्या नणंदेला नसणार. तिचा मुलगा 9 वर्षांचा झालाय, आणि त्या वयाला काय लागतं हे आई फार पटकन विसरते. मी तर पार विसरले होते, नातवंडं आली तेव्हा पुन्हा शिकले.

आता अण्णा. त्यांना नाही म्हणू नकोस. त्यांचा बेत धरणाचा नाहीये गं, त्यांना नातवाच्या मामेभावंडांना काहीतरी दाखवायचंय. दाखवू दे, फक्त जवळचं दाखवू दे. फोनवर म्हण, 'अण्णा, गाडीत हिला उलट्या होतात, म्हणून लांबचं पुढच्या वेळी. पण सकाळी तुम्ही फिरायला जाता ना, तेव्हा हिला बरोबर न्याल का?' म्हातारा माणूस पाघळतो. आणि म्हाताऱ्याची चाल आणि साडेचार वर्षांच्या मुलीची चाल अगदी सारखी असते, दोघंही प्रत्येक झाडापाशी थांबतात.

त्या फेरीत काय बघायचं हेही सुचवून ठेव. आमच्याकडे येणारी मुलं ज्या गोष्टींत रमली त्या कुठल्याच यादीत नाहीत. इमारतीचं खोदकाम चाललेलं असेल तर लांबून पिवळा जेसीबी. रेल्वेचा पादचारी पूल, मालगाडी आली तर डबे मोजायचे. रोपवाटिका, तिथे पाइपनं पाणी घालणारा माणूस भला असला तर पाइप धरायला देतो. सरकता जिना. कुंभार, लोहार, सायकल दुरुस्तीवाला, कोणीही हातानं काम करणारा माणूस. मुलांना तयार वस्तूपेक्षा ती होताना बघायला आवडते.

पाणी मात्र जपून. धरण काय नि बागेतलं शोभेचं तळं काय, 20 महिन्यांच्या मुलाला घोट्याएवढं पाणीही पुरतं. लक्ष असणं वेगळं आणि हात पोचेल इतकं जवळ असणं वेगळं. सहा मोठी माणसं बरोबर असली की तर जास्त धोका, प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. जाताना नाव घेऊन सांगायचं: आता बाळ तुझ्याकडे.

आणि ती बदकं. जाण्याआधी नणंदेला सरळ सांग की वरच्या फळीवर ठेवा. तिला राग येणार नाही. फुटल्यावर येईल.

पाटी_वाचा:

मी संग्रहालयात काम करते, तेव्हा यादीतल्या 'मोठ्या संग्रहालया'ची बाजू थोडी घेते आणि थोडी पाडते.

संग्रहालयात माणूस दमतो हे फार जुनं निरीक्षण आहे. बोस्टनच्या कलासंग्रहालयातल्या बेंजामिन आइव्ह्ज गिलमन यांनी 1916 मध्ये त्यावर लेख लिहिला होता. एका माणसाला शोकेसमधल्या वस्तू बघायला लावून त्याचे फोटो काढले: वाकलेला, मान मोडलेला, गुडघ्यांवर बसलेला. ही मोठ्या माणसाची अवस्था. तुझा मुलगा असेल साधारण 80-85 सेंटिमीटर उंच. टेबलासारख्या शोकेसमधलं नाणं त्याला दिसतच नाही, त्याला टेबलाचे पाय दिसतात. मग तो पळतो, आणि आमचा सुरक्षारक्षक त्याच्या मागे.

म्हणून संग्रहालयात जायचं तर एकच दालन. ज्यात वस्तू मोठ्या आणि जमिनीवर उभ्या असतील ते: सांगाडे, जुनी वाहनं, तोफा, पुतळे. तिकीट काढण्याआधी विचार की बाहेर जाऊन परत आत येता येतं का, आणि बाबागाडी आत नेऊ देतात का. भाच्याला कागद-पेन्सिल दे, एका वस्तूचं चित्र काढ म्हण. 9 वर्षांचं मूल अशा वेळी आश्चर्यकारक शांत बसतं. आणि सोमवारी निघण्याआधी फोन कर, पुष्कळ संग्रहालयं त्या दिवशी बंद असतात.

प्राणिसंग्रहालयाला दार उघडतानाच जा. सिंह दिवसातले 16 ते 20 तास पडून असतो. दुपारी गेलात तर तिकीट काढून झोपलेल्या सिंहाची पाठ बघाल आणि मुलगा कावळ्यांच्या मागे धावेल. कावळे खालच्या चौकातही आहेत. त्यापेक्षा मत्स्यालय असेल तर ते बघ. टाक्या खालपर्यंत असतात, मासे सतत हलतात, अंधार-गारवा असतो. तारांगणाला नेण्याआधी वयाची अट विचार. अचानक काळोख आणि मोठा आवाज लहानग्यांना झेपत नाही.

बाबा_ड्यूटीवर:

सगळ्यांचं पटलं, एक सोडून. रोज कुठेतरी जायलाच हवं हे कोणी ठरवलं? 20 महिन्यांच्या मुलाला दुपारची झोप धरून दिवसाला 11 ते 14 तास झोप लागते, साडेचार वर्षांच्या मुलीला 10 ते 13. जागतिक आरोग्य संघटनेचे 2019 चे आकडे आहेत. नव्या घरात मुलं आधीच उशिरा झोपतात. त्यात दुपारची झोप गाडीच्या सीटवर कशीबशी झाली की संध्याकाळी जे होतं त्याला आमच्या घरात 'कार्यक्रम' म्हणतात.

त्याच शिफारशीत पाच वर्षांखालच्या चालत्या मुलांसाठी दिवसाला किमान 180 मिनिटं हालचाल सांगितलीय. ती तुकड्यातुकड्यांत चालते. म्हणजे सकाळी बाग, संध्याकाळी गच्ची किंवा अंगण, झालं. आमचा नियम: दिवसाला एकच बाहेर पडणं, आणि दुपारच्या झोपेच्या तासभर आधी घरात. झोपेची वेळ आधी मांडायची, उरलेल्या वेळात जे बसेल तेवढंच जग.

गाडी लागण्याबद्दल. कान मेंदूला सांगतात की आपण हलतोय, डोळे पुस्तकात किंवा मोबाइलमध्ये असले की ते सांगतात सगळं स्थिर आहे. या भांडणातून मळमळ होते. दोन वर्षांखाली हे क्वचितच होतं, म्हणून तुझा मुलगा मजेत असेल आणि मुलगी हैराण. जवळच्या प्रवासातही तिच्या हातात मोबाइल देऊ नकोस, समोरच्या काचेतून लांब बघायला लाव आणि थोडी हवा येऊ दे.

भाच्याबद्दल. 'तिघं मिळून खेळतील' ही आशा सोड. मिल्ड्रेड पार्टन यांनी 1932 मध्ये लहान मुलांचं खेळणं नोंदवलं होतं. अगदी लहान मुलं एकमेकांशी नाही, एकमेकांच्या शेजारी खेळतात. तुझा मुलगा त्याच टप्प्यावर आहे. मुलगी मोठ्या भावाच्या मागे फिरेल, तो चार मिनिटं कौतुक करेल आणि पळेल. त्याला सायकल किंवा चेंडू घेऊन येऊ दे, जागा अशी निवड की तो त्याचं करेल आणि ही दोघं वाळूत. त्याला 'लक्ष ठेव रे जरा' म्हणू नकोस. 9 वर्षांचा आहे, त्याच्या घरात पाहुणे आलेत, त्याची खोली गेलीय. त्याला एक संध्याकाळ तुझा नवरा एकटा घेऊन गेला तर उत्तम.

भिंगरी:

काय माणसं आहात!

ताईंना आजींचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. आधी म्हणाल्या, 'आमच्याकडे लहान मूल कोणाचंच नाही.' मग दहा मिनिटांनी फोन आला की तळमजल्यावर आहे, तीन वर्षांची, यांना आडनावही माहीत नव्हतं. तिच्या आईशी बोलले. पाण्याच्या टाकीमागे छोटी बाग आहे, नकाशावर नावच नाही. लहान बाळांचा पाय घालून बसायचा झोपाळा आहे. गेटला कडी आहे पण ती लागत नाही, दोरी न्यायची. रस्त्यापलीकडे रोपवाटिका.

अण्णांना मुलीच्या उलट्यांचं सांगितलं. थोडे हिरमुसले. मग विचारलं, 'मालगाडी किती वाजता येते तिथे?' तर म्हणाले, बघून ठेवतो. आता ते रोज सकाळी पुलावर जाऊन वेळ लिहून घेतायत, असं ताईंच्या सासूबाई वैतागून सांगत होत्या.

बदकांचं अजून बोलले नाही. आणि पाऊस लागला तर?

आजी_दुसरा_मजला:

बदकांचं आजच बोल.

पावसात वाचनालयाचा बालविभाग. आधी फोन करून तीनच गोष्टी विचार: सभासद नसताना बसता येतं का, मुलांनी बोललेलं चालतं का, गोष्ट सांगण्याचा तास कुठल्या वारी असतो. पुस्तक घरी न्यायचं असेल तर नणंदेच्या नावावर ने, आणि ते मुलाच्या हातात देऊ नकोस.

खिडकीची_सीट:

आणि छत्री नको, रेनकोट. तुला दोन्ही हात मोकळे लागतील. पाऊस हलका असेल तर बाबागाडीवर आवरण घालून सरळ डबक्यांत जा, वीज चमकत असेल तर मात्र घरीच. दोरी मीटरभर तरी ने, कडीला दोन वेढे बसायला हवेत.