दोन मीटरचा बाल्सा ग्लायडर: डाव्या पंखाला आलेला पीळ आणि नाकातले शिसे

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार. नववीत शिकणारी माझी मुलगी आणि मी मिळून आराखड्यावरून बाल्सा या हलक्या लाकडाचा, दोन मीटर पंखविस्ताराचा रेडिओ-नियंत्रित ग्लायडर बांधत आहोत. मोटर नाही. रडर (शेपटीवरचे डावे-उजवे वळवणारे पाते) आणि एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारे पाते) एवढेच नियंत्रण आहे आणि उड्डाण रबर दोरीने, म्हणजे हाय-स्टार्टने करायचे आहे. पंख दोन भागांत असून मधोमध पोलादी सळईने जोडले जातात. पंखाची रुंदी मुळाशी २०० मिमी आणि टोकाशी १५० मिमी आहे. पुढची कड सरळ आहे आणि मागची कड टोकाकडे निमुळती होत जाते. पंखाचा तळ सपाट आहे.

धड, शेपूट आणि पंखांचे सांगाडे पूर्ण झाले असून फिल्मही (उष्णतेने आकसणारे प्लॅस्टिकचे आवरण) चढवली आहे. इथवर सर्व सुरळीत झाले, परंतु आता दोन अडचणी समोर आहेत.

पहिली अडचण पंखाची. उजवा पंख टेबलावर ठेवला की सपाट बसतो, पण डाव्या पंखाच्या टोकाशी मागची कड टेबलापासून ४ मिमी वर राहते. फिल्म चढवण्यापूर्वी दोन्ही सांगाडे सपाट होते, हे आम्ही तपासले होते. एका परिचितांचे म्हणणे असे की एवढ्या फरकाने काही बिघडत नाही, रडरला थोडा ट्रिम (कायमचा किंचित कल) दिला की विमान सरळ जाते. हे खरे आहे का?

दुसरी अडचण वजनाची. आराखड्यात गुरुत्वमध्य पुढच्या कडेपासून ३३ टक्क्यांवर असावा, एवढेच लिहिले आहे. त्यानुसार मुळाशी ६६ मिमीवर खूण केली, तर विमान तोलण्यासाठी नाकात ७० ग्रॅम शिसे भरावे लागत आहे. त्यासह एकूण वजन ९०० ग्रॅम भरते. एवढे शिसे लागणे योग्य आहे का?

शिवाय पहिल्या उड्डाणासाठी नाशिकच्या आसपास कशा प्रकारची जागा निवडावी, हेही अनुभवी मंडळींनी सांगितल्यास आभारी राहीन.

सुतारपक्षी

ताई, पिळाकडे दुर्लक्ष करू नये. आपल्या परिचितांचे म्हणणे मला का पटत नाही, ते थोडे विस्ताराने सांगतो.

मागची कड टोकाशी वर उचललेली असली की पंखाचे टोक मुळापेक्षा कमी कोनात हवेला भिडते. यालाच वॉशआउट म्हणतात. १५० मिमी रुंदीत ४ मिमी उंची म्हणजे साधारण दीड अंश होतो. दोन्ही पंखांना सारखाच वॉशआउट असेल तर तो नवशिक्याला फार उपकारक ठरतो, कारण वेग कमी झाला तरी टोके शेवटपर्यंत उचल (हवेचा वर उचलणारा जोर) धरून ठेवतात आणि विमान एका अंगावर न कोसळता नाक खाली घेते. आपल्याकडे मात्र तो एकाच पंखाला आहे. त्यामुळे नेहमीच्या वेगात डावा पंख कमी उचल देईल आणि विमान डावीकडे कलत राहील. रडरला उजवा ट्रिम देऊन आपण ते सरळ कराल. पण वेग घसरून स्टॉलची (पंखाने उचल सोडण्याची) वेळ आली की उलटेच घडेल: उजवे टोक जास्त कोनात असल्यामुळे तेच आधी उचल सोडेल, विमान उजवीकडे पडेल आणि आपण दिलेला उजवा ट्रिम त्या पडण्याला हातभारच लावेल. वेगात डावीकडे ओढ आणि संथपणात उजवीकडे घसरण, ही दोन्ही दुखणी एका ट्रिमने बरी होत नाहीत. त्यातही ही घसरण बहुधा उतरताना, जमिनीपासून तीन-चार मीटरवर होते, आणि तिथे सावरायला उंचीच शिल्लक नसते.

आता उपाय. आपला पंख उघड्या रिबांचा (पंखाला आकार देणाऱ्या आडव्या फासळ्यांचा) असेल, किंवा पुढच्या भागात फक्त वरच्या बाजूला बाल्साची पातळ पट्टी असेल, तर सांगाड्याला स्वतःचा पीळरोध फारसा नसतो. पंखाचा आकार फिल्मच धरून ठेवते, म्हणून ज्या फिल्मने पीळ दिला तीच तो काढूही शकते. (पुढचा भाग वरून, खालून आणि स्पारपाशी (पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य दांडीपाशी) अशा तिन्ही बाजूंनी बंद असेल तर गोष्ट वेगळी. तशा पंखातला पीळ फिल्मने निघत नाही, आवरण उतरवून लाकडाचेच काम करावे लागते.)

माझा सल्ला असा की डाव्याचा पीळ पूर्ण काढून टाकण्याऐवजी दोन्ही टोकांना ३ मिमी वॉशआउट ठेवावा. डाव्याचा एक मिलिमीटर कमी करायचा आणि उजव्याला तीन द्यायचे. मोजण्यासाठी खरोखर सपाट पृष्ठभाग हवा, आणि लाकडी टेबलावर माझा विश्वास नाही. स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा पोलादी पट्टी आडवी धरून तपासून घ्यावा, बहुतेक वेळा तो उत्तम निघतो. त्यावर पंखाचे मूळ सपाट दाबून ठेवावे आणि टोकाशी मागच्या कडेखाली ३ मिमीची बाल्सा पट्टी सरकवून पाहावी.

पीळ देताना दोन माणसे लागतात. एकाने मूळ ओट्यावर घट्ट धरायचे आणि टोक हव्या त्या दिशेला, हव्या त्यापेक्षा साधारण दुप्पट पिळून धरायचे. त्या क्षणी फिल्मवर एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्याकडे जाणाऱ्या तिरक्या सुरकुत्या उमटतील. दुसऱ्याने इस्त्री किंवा हीट गन त्या सुरकुत्यांवरून सावकाश फिरवायची, आधी वरच्या बाजूने, मग खालच्या बाजूने, त्या पूर्ण नाहीशा होईपर्यंत. फिल्म चिकटवण्याचे तापमान कमी असते आणि आकसवण्याचे त्याहून जास्त. दोन्ही आकडे वेष्टनावर छापलेले असतात, ते पाहूनच काम करावे, अंदाजाने गन जवळ नेऊ नये, नाहीतर फिल्मला भोक पडते. उष्णता काढल्यानंतरही फिल्म हाताला गार लागेपर्यंत पंख तसाच पिळून धरून ठेवायचा असतो. घाईत लोक नेमके हेच गाळतात.

दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावे, कारण फिल्म रात्रीतून थोडी सैलावते. तयार पंख एप्रिल-मेमध्ये बंद मोटारीच्या डिकीत ठेवू नयेत. आपल्याकडच्या उन्हाळ्यात आतली उष्णता फिल्म सैल करण्यास पुरेशी असते आणि काढलेला पीळ परत येतो. पावसाळ्यात बाल्सा दमट हवा शोषून घेतो, त्यामुळे त्या दिवसांत जुळणी करणाऱ्यांनी फिल्म चढवण्याआधी सांगाडा कोरड्या खोलीत वजनाखाली सपाट ठेवलेला बरा.

वजनकाटा

पिळाबद्दल वर उत्तम लिहिले गेले आहे, म्हणून मी केवळ गुरुत्वमध्यावर लिहितो.

पंख निमुळता असेल तर ३३ टक्के हे मुळाच्या रुंदीचे धरायचे नसतात, सरासरी वायुगतिक कॉर्डचे धरायचे असतात (कॉर्ड म्हणजे पंखाची पुढून मागपर्यंतची रुंदी). आपल्या पंखासाठी, २०० वरून १५० मिमीपर्यंत सरळ उतार धरल्यास, ही कॉर्ड सुमारे १७६ मिमी येते. तिचे ३३ टक्के म्हणजे ५८ मिमी. पुढची कड सरळ असल्यामुळे वेगळा हिशेब करावा लागत नाही; खूण पुढच्या कडेपासून थेट ५८ मिमीवर करावी. आपण काढलेला ६६ हा आकडा त्याच कॉर्डवर साडेसदतीस टक्क्यांच्या आसपास जातो. सरावलेला हात तेवढ्यावरही उडवू शकतो, परंतु पहिल्या उड्डाणाला तो मागेच म्हणावा लागेल, आणि गुरुत्वमध्य मागे असलेले विमान एलिव्हेटरला फार तिखट प्रतिसाद देते.

याचा अर्थ नाकात आणखी वजन हवे. ९०० ग्रॅमचे विमान ८ मिमी पुढे तोलायचे म्हणजे ७,२०० ग्रॅम-मिलिमीटर. नाकातले शिसे गुरुत्वमध्यापासून २६० मिमी पुढे आहे असे धरले तर सुमारे २८ ग्रॅम जास्त लागतील. शिसे शंभरीला पोहोचेल. थेट शिसे वाढवण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात, असे मी आग्रहाने सांगेन.

एक म्हणजे शेपूट. शेपटीचे अंतर गुरुत्वमध्यापासून ७८० मिमी असेल, तर तिथला प्रत्येक ग्रॅम नाकात तीन ग्रॅम मागतो. शेपटीतून दहा ग्रॅम काढता आले तर वरचे २८ ग्रॅम आपोआप टळतात. आडवी शेपूट अखंड बाल्सा फळीची असेल तर ती पट्ट्यांच्या जाळीदार सांगाड्याची करता येते. सर्व्होपासून (रडर-एलिव्हेटर हलवणाऱ्या छोट्या यंत्रापासून) शेपटीपर्यंत पोलादी तार गेली असेल तर तिच्या जागी प्लॅस्टिक नळीत सरकणारी हलकी दांडी वापरता येते. जोडांवरचे इपॉक्सीचे फुगवटेही तासून पाहावेत, कारण इपॉक्सी बाल्सापेक्षा कितीतरी जड असते.

दुसरी गोष्ट बॅटरी. रिसिव्हरसाठी ४.८ व्होल्टचा एएए निकेल-मेटल हायड्राइड पॅक वापरत असाल तर त्याचे वजन जेमतेम ५० ग्रॅम असते, तर चार एए सेलचा पॅक ११० ग्रॅमच्या आसपास जातो. नाकात मावत असेल तर तोच बसवावा. साठ ग्रॅम शिसे बाहेर निघेल आणि त्या वजनाच्या बदल्यात रिसिव्हरला दुपटीहून अधिक वेळ वीज मिळेल. शिसे नुसते ओझे असते, बॅटरी काम करते.

९०० ग्रॅमची काळजी करू नये. पंखाचे क्षेत्रफळ सुमारे ३५ चौरस डेसिमीटर आहे, म्हणजे प्रत्येक चौरस डेसिमीटरवर साधारण २६ ग्रॅम भार येतो. या आकाराच्या ग्लायडरला तो अगदी रास्त आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्यामुळे हवा पाच-सहा टक्क्यांनी विरळ असते आणि विमान किंचित जास्त वेगाने उतरते, पण तेवढा फरक हाताला जाणवणारही नाही.

घारीची फेरी

जागेबद्दल सांगतो. देवळाली आणि गांधीनगर हे लष्करी परिसर आहेत. देवळालीला तोफखान्याची प्रशिक्षण संस्था आहे, तर गांधीनगरला लष्कराच्या हेलिकॉप्टरांचा तळ. तिकडचा विचारच करू नये. ओझरचा विमानतळही ध्यानात ठेवावा. ड्रोन नियम २०२१ मध्ये अशी मॉडेल विमानेही येतात. त्यांना प्रकार प्रमाणपत्र (विमानाच्या नमुन्याला सरकारी मान्यता) लागत नाही, परंतु ती नजरेच्या टप्प्यातच उडवायची असतात. हरित क्षेत्रात (नकाशावर हिरव्या दाखवलेल्या, उड्डाणास मोकळ्या भागात) उंचीची मर्यादा ४०० फूट, म्हणजे सुमारे १२० मीटर आहे, आणि विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती २०० फुटांवर येते. डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर आपले शेत कोणत्या रंगात पडते ते आधी पाहावे, नोंदणीचे नियम वाचावेत आणि शेतमालकाची परवानगी घ्यावी. पूर्ण लांबीच्या हाय-स्टार्टने दोन मीटरचा ग्लायडर सहज शंभर मीटरच्या आसपास जातो, म्हणून २०० फुटांच्या पट्ट्यात दोरी निम्मी करावी लागेल.

आपल्या भागात खरा धोका द्राक्षबागांचा आहे. मांडवाच्या तारा आणि लोखंडी अँगल लांबून दिसत नाहीत, आणि भरकटलेला ग्लायडर तिथे उतरला तर फिल्मच काय, स्पारही वाचत नाही. बाग निदान तीनशे मीटर लांब असेल असे, सोयाबीन निघून गेलेले मोकळे रान शोधावे. मऊ ढेकळे किंवा गुडघ्याएवढे गवत असेल तर फारच चांगले. अंजनेरीकडचे डोंगर उताराच्या वाऱ्यासाठी मोहात पाडतात, पण ते संवर्धन राखीव क्षेत्र आहे आणि तिथे गिधाडांचा वावर आहे, म्हणून तो मोह आवरावा. संक्रांतीच्या आगेमागे पंधरा दिवस तर उडवूच नये. येवल्यापासून नाशिकपर्यंत आकाशात मांजा असतो आणि तो पंखाची पुढची कड कापत आत जातो.

पहिल्या दिवशी रबर घरीच ठेवावे. सकाळी वारा जेमतेम असताना, वाऱ्याच्या तोंडावर, पंख समतल आणि नाक क्षितिजाच्या किंचित खाली ठेवून हाताने सरळ ढकलावे. वर फेकू नये. गुरुत्वमध्य आणि पीळ जमले आहेत की नाहीत, ते या छोट्या फेकींतच कळते. पुढे उंचीवर गेल्यावर विमान तीस-चाळीस अंशांत खाली झुकवून एलिव्हेटर मोकळा सोडावा. ते झटकन नाक वर घेत असेल तर नाक जड आहे, सावकाश वर येत असेल तर उत्तम, आणि आणखी खोल जात असेल तर ताबडतोब सावरून उतरवावे व नाकात वजन घालावे.

एक मनापासूनची सूचना. ट्रान्समीटर मुलीच्या हातात द्यावा आणि फेकण्याचे काम आपण करावे. तिच्या नजरेला विमानाचा कल आपल्याआधी दिसेल, असे मला वाटते.

गोदाकाठ

आपण सर्वांनी एवढ्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. पंख उघड्या रिबांचाच आहे आणि पट्टी फक्त वरच्या बाजूला आहे. मुलीने टोक पिळून धरले आणि मी हीट गन चालवली. दुसऱ्या दिवशी ओट्यावर दोन्हीकडे ३ मिमीची पट्टी सारखीच बसली. शेपटीतली पोलादी तार बदलली आणि एए सेलचा पॅक धडाच्या तोंडात थोडे लाकूड तासून बसवला. आता ५८ मिमीवर तोलण्यासाठी केवळ ९ ग्रॅम शिसे लागते.

एक शंका राहिली. हाय-स्टार्टचा हुक आम्ही ६६ मिमीची खूण धरून तिच्या ६ मिमी पुढे, म्हणजे ६० मिमीवर स्क्रूने बसवला होता. तो तसाच ठेवला तर चालेल का?

वजनकाटा

नाही, ताई. गुरुत्वमध्य ५८ वर आल्यामुळे तो हुक आता त्याच्या २ मिमी मागे गेला आहे. मागच्या हुकावर दोरी ओढली की विमान एकदम नाक वर करते, दोरीवर डावी-उजवीकडे झोके घेते आणि रडरने आवरत नाही. हुक ४८ मिमीवर, म्हणजे गुरुत्वमध्याच्या १० मिमी पुढे घ्यावा. चढ थोडा कमी उभा, पण सरळ होईल. सराव झाल्यावर हुक एकेक मिलिमीटर मागे आणता येतो. त्यासाठी धडाच्या तळाला आतून प्लायवूडची पट्टी चिकटवून तिला ओळीने भोके पाडून ठेवावीत, कारण नुसत्या बाल्सात बसवलेला स्क्रू रबराच्या ताणाने उपटून निघतो.