'पिस्तिस'ला मराठीत काय म्हणावं?

ओसरी: नव्या करारावरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय. गलतीकरांस पत्र, २:१६ पाशी अडलेय. मूळ ग्रीकमध्ये 'पिस्तिस' (विश्वास किंवा निष्ठा) आणि पुढे ख्रिस्ताची षष्ठी. आपण 'ख्रिस्तावरील विश्वास' वाचत आलोय, पण बरेच अभ्यासक म्हणतात की इथे ख्रिस्ताने स्वतः राखलेली निष्ठा अभिप्रेत आहे. 'ख्रिस्ताचा विश्वास' लिहावं, तर त्यानेच कुणावर तरी विश्वास टाकला असं वाटतं. दोन्ही अर्थ पेलणारा शब्द सुचवा.

पाणवठा: 'श्रद्धा'. लॅटिन 'क्रेदो' (मी विश्वास ठेवतो) आणि ती एकाच मुळातल्या. याहून जवळचं काय हवं?

मिठागर: मूळ एक म्हणून आजचा अर्थ एक होत नाही. 'ख्रिस्ताची श्रद्धा' म्हटलं तरी अडचण तीच. 'इमान' घ्या ना! धन्याशी इमान राखतात, आणि अरबीत ईमान म्हणजे धर्मश्रद्धाच. 'आमेन' त्याच सेमिटिक धातूतलं. घरमालक घेतो ती अनामतही त्यातलीच, अमानतची अक्षरं उलटून झालेली.

पाणवठा: 'निष्ठा' हा नितळ शब्द घरात असताना इमान कशाला आणायचं?

मिठागर: आणायचं कुठून? ते शतकानुशतकं इथेच आहे. माझी आजी 'बेइमान' हीच सर्वांत मोठी शिवी मानायची. तिला 'निष्ठाहीन' म्हणायला सांगून बघा.

मांडवी: आमच्याकडे गोव्यात कोंकणी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाणारी माणसं 'भावार्थ' म्हणतात आणि श्रद्धाळूंना 'भावार्थी'. फादर स्टीफन्सच्या १६१६ च्या क्रिस्तपुराणाची तर मराठीच आहे, त्यातही हा शब्द भेटतो. 'देव भावाचा भुकेला' म्हणतो तोच हा भाव. माझं मत भावार्थाला.

पाणवठा: सुंदर आहे, पण आजचा वाचक भावार्थ म्हणजे कवितेखाली लिहायचा सारांश समजेल.

मांडवी: मग वाचकाला जुना अर्थ परत द्या. शब्द वापरलाच नाही तर तो कळणार कसा?

ओसरी: पण षष्ठीचं काय? 'ख्रिस्ताचा भावार्थ' तर अजूनच भलतीकडे जातं.

टाकसाळ: आजच्या ग्रीकमध्ये क्रेडिट कार्डाला 'पिस्तोतिकी कार्ता' म्हणतात, त्याच पिस्तिसच्या कुळातलं. म्हणजे आपली 'पत'! 'ख्रिस्ताची पत' अर्थात चालणार नाही, पण पत हा शब्द 'प्रत्यया'तून आला असं मला फार वाटतं.

मिठागर: 'प्रतीती'तून का नाही?