पंच म्हणून समन्स आलंय. सत्र न्यायालयात साक्ष नेमकी कशी होते?

ओढ्यापलीकडे (मूळ प्रश्न)

नमस्कार मंडळी. 2021 मध्ये आमच्या गावातल्या मारामारीच्या केसमध्ये (भादंवि 307, खुनाचा प्रयत्न) पोलिसांनी मला पंच म्हणून नेलं होतं. आरोपीने ठाण्यात "कोयता काढून देतो" असं सांगितलं, त्याचा कागद झाला. मग जीपने जाऊन ओढ्यावरच्या मोरीखालून त्याने कोयता काढून दिला, त्याचाही कागद झाला. दोन्हींवर माझ्या सह्या आहेत. आता मी पुण्यात नोकरीला असतो. परवा हवालदारांनी गावी वडिलांकडे समन्स दिलं. नाही गेलं तर काय होतं? व्हिडिओवरून साक्ष देता येते का? माझा वकील लावावा लागेल का? आणि तारीख-वेळ आता आठवत नाही, त्याचं काय?

फौजदारी_बाजू

वकील लावायची गरज नाही. तुम्ही पक्षकार नाही, साक्षीदार आहात. खटला सरकार विरुद्ध आरोपी असा असतो, फिर्यादीसुद्धा तिथे साक्षीदारच. सरकारतर्फे सरकारी वकील खटला चालवतात. फिर्यादीने खासगी वकील दिला असला तरी तो सरकारी वकिलांच्या हाताखाली मदत करतो. तुम्हाला प्रश्न विचारायचा हक्क त्याला नाही.

न जाण्याबद्दल: सीआरपीसी (फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम 350 खालचा दंड फक्त 100 रुपयांपर्यंत आहे, त्यावर जाऊ नका. खरा त्रास वॉरंटचा. समन्स बजावूनही आला नाहीत तर आधी जामीनपात्र वॉरंट, मग अजामीनपात्र. अडचण खरी असेल तर तारखेच्या आधी सरकारी वकिलांच्या कार्यालयात किंवा ठाण्याच्या कोर्ट पैरवी अंमलदाराला (कोर्टाचं काम बघणाऱ्या पोलिसाला) कळवा, आजारपण असेल तर कागद जोडा.

व्हिडिओसाठी अर्ज करता येतो, पण तुम्हाला मुद्देमाल हातात घेऊन ओळखायचा आहे. तुमच्या बाबतीत मंजूर होणं अवघड वाटतं.

क्रम असा: दोषारोप निश्चित होतात, सरकार पक्षाचे साक्षीदार होतात, मग कलम 313 चा आरोपीचा जबाब, बचावाचे साक्षीदार असतील तर ते, युक्तिवाद, निकाल. तुमचं काम दुसऱ्या टप्प्यातल्या एका दिवसाचं. कलम 311 खाली पुन्हा बोलावण्याचा अधिकार कोर्टाला आहे, पण पंचाच्या बाबतीत तशी वेळ क्वचित येते.

नवी_संहिता

1 जुलै 2024 पासून सीआरपीसी, भादंवि, पुरावा कायदा सगळं रद्द झालंय. आता बीएनएसएस (नागरिक सुरक्षा संहिता, सीआरपीसीच्या जागी) आणि बीएसएची (साक्ष्य अधिनियम, पुरावा कायद्याच्या जागी) कलमं सांगा.

फौजदारी_बाजू

हा खटला त्या तारखेला प्रलंबित होता. बीएनएसएसच्या कलम 531 प्रमाणे असे खटले जुन्या संहितेनेच चालतात, आणि पुरावा कायद्यालाही तशीच वाचवणूक आहे. नव्या गुन्ह्यात 313 च्या जागी 351 आणि 311 च्या जागी 348 म्हणा. इथे जुनीच.

निशाणी_पंधरा

आठवण्याचा मुद्दा महत्त्वाचा आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. पंचनामा हा स्वतंत्र पुरावा नाही. तुम्ही पिंजऱ्यात उभं राहून शपथेवर जे सांगाल तो पुरावा, पंचनामा त्याला आधार. तारीख आठवत नसेल तर "तारीख आठवत नाही" म्हणा. कोर्टाच्या परवानगीने कागद पाहून स्मरण ताजं करता येतं (पुरावा कायदा कलम 159). साक्षीआधी सरकारी वकिलांच्या कार्यालयात पंचनामा वाचायला मिळाला तर वाचा. उलटतपासात "आज इथे येण्याआधी पंचनामा वाचलात का?" हा प्रश्न येणारच. "हो, वाचला" म्हणून मोकळे व्हा. वाचूनही "नाही" म्हणणारा पंच पुढच्याच प्रश्नात अडकतो.

तुमचे कागद दोन: निवेदन पंचनामा आणि जप्ती पंचनामा. पुरावा कायद्याच्या कलम 27 मुळे आरोपीच्या बोलण्यातला फक्त शोधाकडे नेणारा भाग ग्राह्य असतो, म्हणजे "कोयता मोरीखाली ठेवलाय, काढून देतो" एवढाच. "याच कोयत्याने मारलं" हा भाग पुराव्यात येत नाही, 1947 च्या पुलुकुरी कोट्टय्या निकालापासून हे ठरलेलं आहे. सरकारी वकील म्हणूनच तुम्हाला मध्ये थांबवतील. गोंधळू नका.

सरतपासात (सरकारी वकिलांच्या प्रश्नांत) हे विचारलं जाईल: ठाण्यात कोण कोण होतं, आरोपी काय म्हणाला, जीपमध्ये कोण कुठे बसलं, रस्ता कोणी दाखवला, मोरीपाशी पुढे कोण गेलं, वस्तू कोणाच्या हाताने निघाली, पंचनामा कुठे बसून लिहिला, पाकीट कोणी बांधलं. मग मुद्देमाल पुढे येईल. एक गोष्ट आधीच माहीत असू द्या: तुमच्यासमोर खाकी कागदात गुंडाळून लाखेचं सील केलेलं पाकीट आता तसं दिसणार नाही. ते रासायनिक विश्लेषकांकडे जाऊन उघडलं गेलं असेल आणि त्यावर प्रयोगशाळेचं सील असेल. आधी लेबलावरची आपली सही शोधा, मग कोयत्याकडे पाहा. मूठ, लांबी, गंज यातलं जे खरंच आठवतं तेवढंच बोला. गावाकडे सगळेच कोयते सारखे दिसतात, बचावाचे वकील ते विचारणारच.

बाकावरून

बचावाच्या बाजूने काय तपासलं जातं ते सांगतो. मोरी रहदारीची आहे का, कुणालाही हात घालता येईल अशी आहे का? त्या ठाण्याच्या आणखी किती केसेसमध्ये तुम्ही पंच आहात? (नेहमीचे पंच ही जुनी दुखरी जागा आहे.) सह्या जागेवर झाल्या की ठाण्यात परत आल्यावर? लेबल तुमच्यासमोर चिकटवलं का? "पंच सह्या ठाण्यात झाल्या" एवढं कबूल झालं की जप्तीवरचा विश्वास बराच उडतो. पण ते खरं असेल तर खरंच सांगा. पोलिसांची केस सावरणं हे पंचाचं काम नव्हे.

जोडप्रश्नांपासून सावध राहा. "पंचनामा लिहायला वीस मिनिटं लागली आणि तुम्ही तो न वाचता सही केली, बरोबर?" यात दोन प्रश्न आहेत. पहिल्याला हो आणि दुसऱ्याला नाही, असं तोडून सांगा.

साक्ष टाइप कशी होते ते ऐकून पुष्कळांना धक्का बसतो. प्रश्न-उत्तर जसंच्या तसं सहसा उतरत नाही, तुमच्या तोंडी सलग मजकूर लिहिला जातो. वकील म्हणतात, "तुम्ही ठाण्यात तयार कागदांवर सह्या केल्या." तुम्ही म्हणता, "खोटं आहे." टाइप होतं: "हे म्हणणे खोटे आहे की, मी पोलीस ठाण्यात तयार कागदांवर सह्या केल्या." यात "खोटे"च्या जागी "खरे" पडलं तर सगळा अर्थ फिरतो. म्हणून साक्ष वाचून दाखवतात (सीआरपीसी कलम 278) तेव्हा घरी जायच्या घाईत मान डोलवू नका. चूक दिसली की सही करण्याआधीच न्यायाधीशांना सांगा.

ओढ्यापलीकडे

खूप उपयोगी, आभार! अजून एक. आरोपीच्या चुलत्याचा फोन आला होता, "सही आपली नाही म्हण, विषय संपेल." तसं म्हटलं तर?

निशाणी_पंधरा

सही नाकारलीत की सरकारी वकील तुम्हाला फितूर घोषित करायची परवानगी मागून (पुरावा कायदा कलम 154) स्वतःच उलटतपास घेतील. सही समोर असेल, सरकार पक्ष तीच दाखवून विचारत राहील. विषयही संपत नाही: तपासी अंमलदाराची साक्ष विश्वासार्ह असेल तर पंच फिरला तरी जप्ती टिकू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये मोदन सिंग प्रकरणात सांगितलंय. शपथेवर जाणूनबुजून खोटं बोलण्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे (तो आत्ताचा गुन्हा, म्हणून भारतीय न्याय संहिता कलम 229, जुनं भादंवि 193). ही कारवाई क्वचित होते, पण होते.

फोनची तारीख, वेळ, नंबर लिहून ठेवा आणि सरकारी वकिलांना सांगा. प्रकरण धमकीवर गेलं तर तो वेगळा गुन्हा (भारतीय न्याय संहिता कलम 232, जुनं भादंवि 195-ए). साक्षीदार संरक्षण योजना 2018 खाली अर्जही करता येतो. जिल्हा व सत्र न्यायाधीश समितीचे अध्यक्ष असतात, अर्ज जिल्ह्याच्या अभियोग प्रमुखांमार्फत जातो.

बेंच_क्लार्क

त्या दिवसापुरतं. समन्सवरचा केस नंबर किंवा सोळा अक्षरी सीएनआर नंबर (खटल्याचा ओळख क्रमांक) ई-कोर्ट्स ॲपवर टाकून आदल्या रात्री तारीख बदलली नाही ना ते बघा. तुरुंगातून आरोपी आणला नाही, न्यायाधीश रजेवर, वकील दुसऱ्या कोर्टात अशा कारणांनी तारीख पडते. पुण्याहून येणार म्हणजे पुढची तारीख विचारल्याशिवाय निघू नका.

साडेदहापर्यंत पोहोचा. सरकारी वकिलांना भेटा, मग कोर्टाबाहेर थांबा. आधीच्या साक्षीदाराची साक्ष चालू असताना आत बसायचं नाही. सकाळी आधी बोर्डावरच्या (त्या दिवसाच्या यादीतल्या) तारखांचा पुकारा होतो, साक्षी नंतर. दुपारही होऊ शकते, डबा आणा.

आत गेल्यावर: व्यासपीठावर न्यायाधीश, त्यांच्यासमोर खाली आम्ही आणि लघुलेखक, मागे आरोपी. शपथ शिपाई किंवा आम्ही देतो. सिनेमातल्यासारखं गीतेवर हात वगैरे काही नसतं. ईश्वराचं नाव नको असेल तर प्रतिज्ञेवर सांगता येतं. प्रश्न वकिलांनी विचारला तरी उत्तर न्यायाधीशांकडे बघून, सावकाश द्या. टाइप करणाऱ्याचा हात थांबला की पुढचं वाक्य. हरकत घेतली गेली तर न्यायाधीश सांगेपर्यंत गप्प राहायचं. मराठीत बोला, "सर" किंवा "मॅडम" पुरे.

भत्ता हवा असेल तर एसटीचं तिकीट, ओळखपत्र आणि समन्स घेऊन त्याच दिवशी अर्ज द्या, नंतर पाठपुरावा कठीण जातो. ऑफिससाठी हजेरीचा दाखलाही त्याच वेळी मागून घ्या. साक्ष न होता नुसती तारीख पडली तरी तो मिळतो.